चार हजार आडनावं

रविवार, २१ सप्टेंबर २००८

आज सकाळी घरावरून फुगे गेले. या दिवसांत प्लेनोत गरम हवेचे प्रचंड फुगे सोडतात, खाली टोपलीत माणसं उभी असतात. मी पायजम्यावर, हातात चहा घेऊन मागच्या अंगणात होतो. एक पिवळा फुगा इतका खाली आला की टोपलीतल्या बाईने मला ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. मी हात हलवला आणि हलवतच राहिलो. आवाज नाही, वारा नाही, नुसतं पिवळं पिवळं. मग रत्ना म्हणाली, “अहो, ती बाई गेली केव्हाच. आता शेजाऱ्यांना टाटा करताय तुम्ही.”

तंद्री हा माझा जुना आजार. गेल्या वर्षी तंद्रीतच लाल सिग्नल ओलांडला, तेव्हापासून गाडीची किल्ली रत्नाच्या पर्समध्ये असते. ती मला सकाळी स्टेशनवर सोडते, मी रेल्वेने रिचर्डसनला ऑफिसात जातो. बावन्नाव्या वर्षी बायको डबा भरून पोहोचवायला येते म्हणजे परत पहिलीत बसल्यासारखंच आहे.

ही वही रेणूच्या सांगण्यावरून. “बाबा, रोज लिहा. यू विल स्टे अवेक.” रेणू आमची एकुलती एक, चोवीस वर्षांची, डॅलसच्या एका लहानशा रेडिओ स्टेशनवर बातमीदार. जन्म इथलाच. मराठी बोलते, वाचता येत नाही. म्हणून इथे काहीही लिहायला हरकत नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काल वॉशिंग्टनमध्ये बँकांना वाचवायचा ठराव पडला. ऑफिसात कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. आमची कंपनी घरांसाठी कर्ज देते, आणि सध्या स्वतःच बुडते आहे. सरकारी मदतीच्या रांगेत आपलाही नंबर लागावा म्हणून वरची मंडळी देव पाण्यात घालून बसली आहेत.

दुपारी अतुल माझ्या टेबलापाशी आला. माझा साहेब, पुण्याचा, वयाने चौदा वर्षांनी लहान. “प्रल्हादराव, मागच्या वर्षीची ती तुमची आडनावांची फाइल पाठवाल का? वर मागितलीय. लगेच.”

ती फाइल म्हणजे माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा काळ. कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो: आपण कोण, गोरे, काळे, हिस्पॅनिक की एशियन. भरायची सक्ती नाही. समोर बसून अर्ज करणाऱ्याने कोरा सोडला तर कर्ज देणाऱ्याने त्याच्याकडे बघून किंवा आडनावावरून तो तेव्हाच भरावा असा नियम आहे, पण कोण भरतो? गेल्या वर्षी अतुलने हप्ते थकलेल्या चार हजार फाइली माझ्याकडे दिल्या. “रकाने कोरे दिसतात, वरचे ओरडतात. आडनावं बघा आणि भरून टाका.”

तीन आठवडे मी शब्दकोडं सोडवावं तसा रमलो होतो. गार्सिया, ट्रेव्हिनो, हे तर झोपेतही जमेल. वॉशिंग्टन, जेफरसन म्हणजे काळे. विल्यम्स असेल तर मोहल्ला कुठला ते बघायचं आणि ठरवायचं. इथल्या पोरांना हे जमत नाही, आपल्याला जमतं. आमच्या नागपुरात नवा माणूस घरी आला की आधी पाणी विचारतात, मग आडनाव. आडनाव कळलं की गाव, जात, घरात मटण शिजतं की नाही, सगळं आपसूक उलगडतं. अतुल तेव्हा म्हणाला होता, “प्रल्हादराव, तुम्ही मशीन आहात.” छान वाटलं होतं.

फाइल पाठवली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

ठराव काल पास झाला. आमचा नंबर लागेल की नाही ते कोणाला माहीत नाही.

रेल्वेत हल्ली लोक भांडतात. परवा टाय लावलेला एकजण म्हणाला, ऐपत नसलेल्यांना घरं द्यायला सरकारनेच बँकांना भाग पाडलं, आता भोगा. पलीकडचा काळा माणूस म्हणाला, ऐपत नसलेले म्हणजे कोण ते स्पष्ट बोल की. टायवाला म्हणाला, मी रंगाचं नावही काढलं नाही. दुसरा म्हणाला, काढायची गरजच पडत नाही तुम्हाला. मग दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले.

मला डुलकी लागली. स्वप्नात मोठं माळरान होतं आणि हजारो माणसं शांत उभी, कोणाला चेहरे नाहीत. मी प्रत्येकापाशी जाऊन खडूने कपाळावर काहीतरी लिहीत होतो. ऊन कोवळं होतं, कोणी तक्रार करत नव्हतं. जाग आली तेव्हा माझं स्टेशन मागे गेलं होतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज घरी कोजागिरी केली, सोयीने, तीन दिवस आधी. रत्नाने मसाला दूध आटवलं. अंगणात चटया टाकल्या, चंद्रही तसा भरत आलेला. रेणूने एका मित्राला आणलं होतं. निमिष. उंच, हसरा, जर्सी सिटीत वाढलेला, इथे डॉक्टरकी शिकतोय. मराठी चांगलं बोलतो. मला आवडला.

“निमिष कोण?” मी विचारलं.

“निमिषच, काका.”

“तसं नव्हे. आडनाव?”

तो किंचित थांबला. “गजभिये.”

“अरे वा, म्हणजे आमच्या नागपूरकडचे!” मी म्हणालो. अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हेही सांगितलं, की आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत, माझे कितीतरी मित्र तुमच्यातले होते. दूध त्याला मी स्वतःच्या हाताने दिलं.

तो गेल्यावर रेणू एकदम अंगावर आली. “बाबा, सीरियसली? तुम्ही त्याला असं का म्हणालात?”

“वाईट काय बोललो? उलट चांगलंच बोललो.”

“त्याने तुम्हाला विचारलं होतं का?”

रत्ना भांडी उचलून आत गेली. या पिढीला चांगुलपणाही टोचतो. चंद्र मात्र अप्रतिम होता, उशिरापर्यंत एकटाच बसून राहिलो.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

रेणू ऑफिसातून थेट घरी आली, जेवायला बसली आणि जेवली नाही. काल डॅलसच्या ग्रंथालयात सभा होती. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, निवडणुकीला उभा राहिलेला हॉलिस नावाचा उमेदवार बँकांच्या मदतीवर बोलणार होता. रेणू बातमीसाठी गेली होती. त्याने पडद्यावर एक तक्ता दाखवला: थकलेल्या कर्जांत काळे आणि हिस्पॅनिक किती, नियमित फेडणाऱ्यांत किती. म्हणाला, कंपन्यांचा दोष नाही, अशा लोकांना कर्ज द्यायला लावणाऱ्यांचा दोष आहे. कंपन्यांना मदत द्या आणि हे लाड बंद करा. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा रेणूने माईक घेतला आणि प्रश्न न विचारता म्हणाली, “सर, धिस चार्ट इज रेसिस्ट.”

हॉलिस शांतपणे म्हणाला, “यंग लेडी, आकड्यांना रंग नसतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या माणसांनी स्टेशनकडे तक्रार केली. बातमीदाराने असं बोलायचं नसतं हे स्टेशनचंही बरोबर आहे. मॅनेजरने दोन आठवडे दिलेत. तक्ता चुकीचा असल्याचं दाखव, नाहीतर ३१ तारखेला रेडिओवर माफी वाच. दोन्ही जमणार नसेल तर नोकरी सोड.

“तू माफी मागून टाक,” असं रत्ना म्हणाली. रेणूने मान हलवली. मग तिने फोल्डरमधून तक्त्याची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. “बाबा, खाली तुमच्या कंपनीचं नाव आहे. तुम्हाला काही माहितीये का याच्याबद्दल?”

तक्ता रंगीत होता, सुरेख छापलेला. पहिल्याच खांबातली संख्या मी ओळखली. पोटच्या पोराला गर्दीत ओळखावं तशी ओळखली. खरं सांगतो, पहिल्यांदा अभिमानच वाटला. माझं काम इतक्या मोठ्या पडद्यावर गेलं!

“बघतो,” मी म्हणालो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज परतताना रेल्वे मध्येच थांबली. बाहेर नारिंगी फुलपाखरं चालली होती, मेक्सिकोकडे जातात ती, दर ऑक्टोबरात. एक-दोन नव्हे, हवा भरून. डब्यातले सगळे फोन ठेवून बघत राहिले. मी मोजायला लागलो आणि मोजता मोजता माझ्या लक्षात आलं, की मला दिसताहेत ती फक्त खिडकीच्या या बाजूची. पलीकडच्या बाजूला किती आहेत, मला माहीतच नाही.

आणि तिथेच मोजणं सुटलं.

थकलेल्या फाइलींचे रकाने मी भरले. नियमित फेडणाऱ्यांचे कोणी भरलेच नाहीत. ते कोरेच राहिले. आज ऑफिसात जाऊन पाहिलंच होतं, पण पाहूनही डोक्यात शिरलं नव्हतं. तक्ता करणाऱ्याने कोरे सगळे गोऱ्यांच्या खांबात टाकलेत. म्हणजे थकवणाऱ्यांना मी रंग दिला आणि फेडणाऱ्यांचा रंग पुसला गेला. आता तक्ता बघणाऱ्याला वाटणार, फेडतात ते गोरे आणि थकवतात ते बाकीचे.

आणि मी दिलेला रंग तरी खरा कशावरून? एकाही माणसाला मी पाहिलेलं नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

अतुलला सांगितलं. त्याने आधी दार लावलं.

“प्रल्हादराव, हे तुम्ही कोणालाच बोललेला नाहीत.”

“अरे पण रेणूची नोकरी जाईल.”

“आणि माझं? माझं ग्रीन कार्ड या कंपनीतून आहे. सहा वर्षं झाली लायनीत. कंपनी बुडाली की मी परत शून्यापासून. शुभाला सातवा महिना आहे, यार.” त्याचे डोळे भरले होते. नेहमी कडक इस्त्रीचा माणूस. “तुमची चूक थोडीच आहे? मी सांगितलं, तुम्ही केलं. रेणू हुशार आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल.”

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं, आणि रेल्वेत छान झोपही लागली.

रविवार, २६ ऑक्टोबर

काही नाही. चिवडा केला. रत्ना म्हणते मीठ दोनदा पडलंय.

मंगळवार, २८ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

रेणू राहायला आली. निमिष नाही आला, बहुतेक परीक्षा असेल. पणत्या लावल्या. प्लेनोच्या त्या रुंद, ओळीने सारख्याच घरांच्या रस्त्यावर आमच्या एका दारात दिवे, बाकीच्यांकडे हॅलोविनचे भोपळे. संधिप्रकाशात सगळं एकच सण वाटत होतं. मी पायरीवर बसून होतो.

वरच्या खोलीची खिडकी उघडी होती. रेणूचा आवाज आला. कोणाशी बोलत नव्हती, वाचत होती. इंग्रजीत, रेडिओवर वाचतात तशा सपाट आवाजात. “मी त्या सभेत जे बोलले ते बेजबाबदार होतं. तक्त्यातले आकडे अचूक आहेत, हे मी मान्य करते. आकड्यांना रंग नसतो.” मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ‘अचूक’ या शब्दावर तिचा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा नीट आला.

ती लहान असताना पाढे असेच पाठ करायची. चुकली की स्वतःलाच चापट मारायची. मी नेहमी म्हणायचो, बाळा, चुकलं तर चुकू दे.

माझी पोर माझी चूक पाठ करत होती आणि मी खाली पणत्यांचं तेल बघत बसलो होतो. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सकाळी चहापाशी सांगून टाकलं. रकाने, फाइली, कोरे, सगळं. रत्ना कप हातात धरून उभीच राहिली.

रेणूने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, “पण तुम्हाला कसं कळलं कोण कोण आहे ते?”

“आडनावावरून.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रागावेल, पण चेहरा वेगळाच होता, दुखल्यासारखा. माझी चूक तर मी कबूल केली होती, मग आणखी काय दुखलं असेल?

“उद्या परत सभा आहे त्याची,” ती म्हणाली. “तिथे येऊन सांगाल? इन पब्लिक?”

“माझी नोकरी जाईल, रेणू.”

“आय नो.”

“अतुलचंही अवघड होईल.”

“आय नो, बाबा.” तिने माझा गार झालेला चहा ओतून दिला आणि नवा ठेवला. “तुम्ही नाही आलात तरी मी समजेन. पण मग मी माफी नाही वाचणार. आता नाही वाचता येणार. सोडून देईन.”

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज सकाळी नऊला अतुलचा फोन आला. ऑफिसात येऊ नका, तुमचं सामान कुरियरने येईल. त्याचं काय होणार ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारू शकलो नाही. शुभाला कसं आहे एवढं विचारलं. “बरी आहे,” म्हणाला आणि फोन ठेवला. याचं ओझं आता माझ्यावर राहणार.

रेणूला माफी वाचावी लागली नाही. नोकरी राहिली. फक्त या प्रकरणाची बातमी दुसऱ्या मुलीला दिलीय, कारण रेणूचा बाप त्यात आहे. रत्नाने दुपारी न विचारता माझ्यासाठी पिठलं टाकलं.

पण लिहायचं आहे ते कालच्या सभेचं.

ग्रंथालयाचा हॉल भरलेला होता. माझी पाळी आली. नाव सांगितलं, काम सांगितलं. म्हणालो, हा तक्ता ज्या फाइलीवरून केला ती मी केली, आणि ती चूक आहे. फक्त थकलेल्यांचे रकाने भरले, तेही माणसं न बघता, अंदाजाने. फेडणाऱ्यांचे कोरे सोडले. घरी आरशासमोर वीस वेळा म्हटलं होतं, त्यामुळे इंग्रजी बरं गेलं.

हॉलिस गडबडला नाही. हसला. “म्हणजे हे सद्‌गृहस्थ खोलीत बसून नावांवरून लोकांचा वंश ठरवत होते. आणि ती मुलगी मला रेसिस्ट म्हणते?” हॉलमध्ये हशा पिकला. मी रेणूकडे पाहिलं. ती भिंतीपाशी उभी होती, खाली बघत. तिला हसू आलं नव्हतं. पण ती माझ्या बाजूने काही बोललीही नाही. मला पहिल्यांदाच वाटलं, की तिच्याकडे माझ्या बाजूने बोलायला काही नसावं.

मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. काळ्या, सत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस, हाताशी पर्स घट्ट धरलेली. माईक घेतला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“माझं नाव डोलोरेस श्रोडर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला कशात टाकलं असतं?”

श्रोडर. जर्मन. टेक्ससमध्ये पुष्कळ आहेत. मी खोटं बोलू शकलो नाही. “गोऱ्यांत, मॅडम.”

पुन्हा हशा. त्या हसल्या नाहीत, वाट बघत राहिल्या.

“माझं घर तुमच्याच कंपनीच्या कर्जावर आहे. एकोणीस वर्षं. नवरा गेला त्या महिन्यातही हप्ता वेळेवर गेला. मग त्या तक्त्यात मी कुठे आहे?”

“तुमचा रकाना कोरा असेल,” मी म्हणालो. “कोऱ्यांना गोऱ्यांबरोबर मोजलंय.”

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मीही बघत होतो. चार हजार आडनावं भरली त्यात एकाही माणसाकडे मी असं बघितलं नव्हतं.

“म्हणजे फेडलं मी,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि मोजलं त्यांच्यात.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मी माईक धरून उभा होतो.